ते बॅकएंडला असतं

आंगचेकर गेला तेव्हा त्याच्यावरचा मृत्युलेख मी लिहिला. लालबागच्या आमच्या मसाला गटाच्या स्मरणिकेत तो पानभर छापून आला, वर सफारीतला त्याचा फोटो. ‘संकेतस्थळाचे शिल्पकार’ हे मथळ्यातले शब्दही माझेच. त्या लेखात त्याचं मूळ गाव आणि त्याचा टायपिंगचा वेग एवढ्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. बाकीचं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे माहीत असताना मी लिहिलं. लेखात मी त्याला ‘ते’ म्हटलं होतं. आम्ही एकाच चाळीत वाढलो, जन्मभर एकमेकांना अरे-तुरे केलं. तेव्हा इथे तो ‘तो’च राहील.

हिंदमाताजवळ एका साडीच्या दुकानावर लाकडी जिना चढून गेलं की त्याचा क्लास होता. सुरुवातीला पाटीवर ‘टायपिंग’ होतं. टाइपरायटर मोडीत निघाले तेव्हा त्यावर रंग मारून ‘कम्प्युटर’ लिहिलं, आणि पुढे कोपऱ्यात ‘वेब सोल्यूशन्स’ची भर पडली. रंग हलक्या प्रतीचा होता. ऊन तिरपं आलं की खालचं ‘टायपिंग’ वर यायचं. आंगचेकरचंही तसंच होतं. वर कितीही शब्द लिहिले तरी खाली टायपिंगच होतं, आणि तेवढं मात्र त्याला खरोखर येत होतं.

विद्यार्थी कीबोर्डकडे बघून टाइप करायला लागला की हा मागून येऊन त्याच्या हातांवर फडकं टाकायचा. म्हणायचा, “बोटांकडे काय बघतोस? बोटं पळून जाणार आहेत?” स्वतःच्या बोटांकडे बघणं म्हणजे त्याच्या लेखी उघड्यावर अंघोळ करणं. दुसरी सवय मशीनवर बसण्याची. बसल्या बसल्या डाव्या करंगळीने मोठ्या अक्षरांची कळ अडकवायची आणि लगेच शेजारची शिफ्ट दाबून ती सोडवायची. खट्-खट्. टाइपरायटरची कळ नीट चालते की नाही हे त्यातून कळायचं. याला तो ‘मशीनला विचारून बसणं’ म्हणायचा आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्यायचा. कॉम्प्युटर आले तरी विचारणं चालू राहिलं. कॉम्प्युटर काय उत्तर देतो हे त्याने कधी पाहिलं नाही.

तिसरी सवय कव्हरांची. क्लास सुटला की प्रत्येक यंत्रावर तो स्वतःच्या हाताने रेक्झिनचं कव्हर घालायचा. टाइपरायटर गेल्यावर त्याने कॉम्प्युटरच्या मापाची नवी शिवून घेतली. मशीन उघडं टाकून घरी जाणारा माणूस त्याला बिनसंस्कारी वाटायचा.

नंतर त्याला शब्दांचा नाद लागला. कुठल्याशा हॉटेलात वेबसाइटवर दोन दिवसांचं शिबिर झालं. हा तिथे फी भरून गेला आणि चकचकीत फोल्डर घेऊन परतला. ज्ञान किती आणलं माहीत नाही, शब्द मात्र पोतंभर आणले. आमच्या एका नातेवाइकाच्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये, बुफेच्या रांगेत उभा राहून त्याने केटररला सुनावलं की तुमचं नेव्हिगेशन चुकलंय, यूजरला पुरी आधी दिसते आणि ताट नंतर. केटरर बिचारा हात पुसत “हो साहेब” म्हणाला. आंगचेकरने वळून माझ्याकडे बघितलं. समोरच्याला न कळणारा शब्द टाकायचा आणि त्याचा चेहरा पडताना बघायचं, हा त्याचा विरंगुळा होता. मीही हसलो. नेव्हिगेशन म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं. हे सांगण्यापेक्षा हसणं सोपं होतं.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. निवृत्तीनंतर मसाला गटाचा पत्रव्यवहार बघू लागलो. गट मालतीताई घाडी यांनी उभा केलेला. गिरणी बंद पडून नवरे घरी बसले तेव्हा त्यांनी चाळीतल्या बायकांना गोळा केलं, तळमजल्याच्या गाळ्यात डंक बसवला आणि मालवणी मसाला कुटून विकायला सुरुवात केली. आमच्याकडे वर्षाचा मसाला होळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत होतो. गटाची वर्षाची कमाई त्या दिवसांतली. प्रत्येक घाणीतला, म्हणजे एका वेळी कुटलेला, मसाला चिमूटभर तळहातावर घेऊन मालतीताई चाखायच्या, मगच पिशव्यांना सील लागायचं. त्यांच्या जिभेवर गट चालला होता असं म्हटलं तरी चालेल.

पण जुनी गिऱ्हाइकं टॉवर आले तसतशी डोंबिवली, विरार, पनवेलकडे पांगली. मालतीताईंना वाटलं, वेबसाइट असली तर त्यांना तिथून मागवता येईल. त्यांनी मला विचारलं आणि मी मोठ्या ऐटीत आंगचेकरला घेऊन आलो. माझ्या ओळखीत असा माणूस आहे हे बायकांना दिसावं, एवढाच त्यातला हेतू.

पहिल्या बैठकीला तो फोल्डर घेऊन आला. डोमेन म्हणजे काय, तर पागडीची खोली. एकदा घेतली की तुमची, कोणी बाहेर काढू शकत नाही. होस्टिंग म्हणजे त्या खोलीतली लाइट. गिऱ्हाइकाला दिसतो तो फ्रंटएंड. बायका मान डोलवत होत्या. पागडी त्यांना चांगली कळत होती, त्यामुळे डोमेनही कळलं असं त्यांना वाटलं. मालतीताईंनी एकच विचारलं.

“सर, कोणी ता बटण दाबल्यान, तर माका कसा कळतला?”

“ते बॅकएंडला असतं,” आंगचेकर म्हणाला.

“म्हणजे खंय?”

“ताई, ते तुम्हाला बघायची गरजच नाही. त्यासाठी आम्ही आहोत.”

हे वाक्य त्याचं कायमचं झालं. साइट कधी होणार, बॅकएंडला काम चालू आहे. फोटो काढून नेले ते कुठे गेले, बॅकएंडला. त्याने न केलेलं, त्याला न कळलेलं आणि त्याला सांगायचं नसलेलं जे काही होतं, ते सगळं तिथे जाऊन पडायचं. घराघरात माळा असतो तसा त्याचा बॅकएंड.

होळी होऊन गेली. मिरच्या आल्या, देठ खुडून झाले, आणि आंगचेकर वेबसाइट घेऊन गाळ्यात आला. स्पायरल बाइंडिंग केलेली, रंगीत प्रिंटांची फाइल. मुखपृष्ठ, ‘आमच्याविषयी’, ‘आमची उत्पादने’, ‘संपर्क’. प्रत्येक पानाखाली सहीसाठी ओळ मारलेली. लग्नपत्रिकेचं प्रूफ पास करतात तशी त्याने बायकांकडून वेबसाइट पास करून घेतली. स्क्रीनवर कोणी काही पाहिलं नाही, बटण कोणी दाबलं नाही. कागदावरचं बटण दाबणार तरी कसं? एकीने तिचा फोटो मागच्या रांगेत का म्हणून विचारलं, दुसरीने नवऱ्याचं नाव घालायला लावलं, आणि यावरच सगळी चर्चा संपली. मी लाल पेन काढून वेलांट्या सुधारल्या. प्रत्येक पानावर मला एखादी चूक सापडत गेली आणि मी फार कामाचा माणूस आहे असं मला वाटत राहिलं. शेवटच्या पानावर ‘पास’ लिहून मी सही केली.

खरं तर साइट तयार होती. पण हंगाम अर्धा सरेपर्यंत त्याने ती चालू केली नाही, कारण त्याला उद्घाटन हवं होतं. अक्षय्य तृतीयेला ते झालं. गाळ्याबाहेर मांडव घातला, टेबलावर त्याचा लॅपटॉप ठेवला, माउसला झेंडूची माळ आणि लाल फीत. पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आले. त्यांनी आधी नारळ फोडला, मग कात्रीने माउसची फीत कापली आणि आंगचेकरने दाखवलेल्या जागी बोट दाबलं. सनई वाजली. ती साइटवरच घातलेली होती आणि बंद कशी करायची ते कोणाला सांगितलं नव्हतं. ‘आपण आमचे इतकेवे पाहुणे आहात’ असा आकडा खाली पळत होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आंगचेकरने भाषण केलं. त्यात मसाला हा शब्द एकदाही आला नाही.

मालतीताईंनी त्या दिवशी पुन्हा विचारलं, ऑर्डर आली की कळणार कसं. तो म्हणाला, “ऑटोमॅटिक.”

त्यानंतर गाळ्यात शुकशुकाट. जुनी जवळची गिऱ्हाइकं आली तेवढीच. संकेश्वरी आणि बेडगी मिरचीची पोती भिंतीला लागून तशीच उभी होती. बायका दुपारभर डंकापाशी बसून राहायच्या. सगळ्यांना वाटलं, वेबसाइटवर कोणाला काही नकोच आहे. मालतीताईंनी आंगचेकरकडे दोन-चारदा माणूस पाठवला. उत्तर आलं की ट्रॅफिक बिल्ड व्हायला वेळ लागतो.

मग मेच्या अखेरीस डोंबिवलीहून एक बाई थेट गाळ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःचा, दोन बहिणींचा आणि विहिणीचा मसाला साइटवर नोंदवला होता. ‘आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ असं लिहूनही आलं होतं. दिलेल्या नंबरवर फोन केला की एक गृहस्थ सांगायचे, प्रोसेसमध्ये आहे. तो नंबर क्लासचा होता. त्या बाई बायकांसमोर मालतीताईंना वाटेल ते बोलल्या, माझ्या आईच्या वेळेपासून मसाला इथला आणि तुम्ही म्हातारपणी लोकांना फसवायला लागलात इथपर्यंत. मालतीताई हात जोडून ऐकत राहिल्या. त्यानंतर आणखी लोक आले. काहीजण येऊन बोलले, काहींनी चाळीत जाऊन सांगितलं. ऑर्डर घेऊन माल देत नाहीत अशी गटाची बदनामी झाली.

सभा बोलावली. आंगचेकर इस्त्रीची सफारी घालून आला. शांतपणे म्हणाला की सिस्टिम परफेक्ट आहे, आयडी-पासवर्ड त्याने ताईंना दिला होता, आता चालवणाऱ्याला जमलं नाही तर डेव्हलपर काय करणार. सगळ्या बायका मालतीताईंकडे बघायला लागल्या. मालतीताईंनी माझ्याकडे बघितलं.

“भाऊ, तुमी होतास ना सगळ्या बैठकांक? माका यांनी काय दिल्यानी होता काय?”

दिलं नव्हतं. मला पक्कं माहीत होतं. पण पासवर्ड नेमका कशाला लागतो, तो कुठे घालतात, यातलं मला काही कळत नव्हतं. चार बायकांसमोर आंगचेकरने उलट दोन शब्द टाकले असते तर माझा चेहरा त्या केटररसारखा झाला असता. मी म्हणालो, “तांत्रिक बाबी सरच जाणतात.”

कोपऱ्यात त्या दिवशीची घाणी परातीत निवत होती. मालतीताईंनी परात माझ्यापुढे सरकवली. “आता तुमीच चाखा,” म्हणाल्या आणि पदर खोचून निघून गेल्या. अध्यक्षपद सुटलं, गट सुटला. परळला मुलीच्या घरी त्या घरगुती मसाला करून देतात असं कानावर यायचं. गटाचा मसाला त्यानंतर कोणी चाखून बघितला नाही. तो कसा लागतो ते जुनी गिऱ्हाइकं सांगतील.

आंगचेकर मात्र गटाचा सल्लागार झाला. वर्षभराने साइट एके दिवशी दिसेनाशी झाली. पागडीच्या खोलीला दरवर्षी भाडं असतं आणि त्याच्या सूचना कुठल्या तरी मेलवर येतात हे तेव्हा कळलं. आंगचेकर म्हणाला, मेंटेनन्स चालू आहे. तो जाईपर्यंत मेंटेनन्स चालूच होता. आणि मी मृत्युलेखात लिहिलं, ‘काही सदस्यांच्या तांत्रिक अज्ञानामुळे त्यांच्या कार्याला अपेक्षित फळ आले नाही.’

स्मरणिका वाटून झाली आणि मला एका मुलीचा फोन आला. स्नेहल, राहणार प्रभादेवी, वेबसाइट करण्याचं काम. म्हणाली, काका, ती साइट सरांनी नाही बनवली, मी बनवली. भांडायचं नव्हतं, फक्त तिच्या कामावर दुसऱ्याचं नाव छापलेलं तिला चालणार नव्हतं. दादरच्या एका उपाहारगृहात आम्ही भेटलो. जे विचारायला मी इतकी वर्षं लाजलो ते तिला सगळं विचारलं, आणि थालीपीठ येईपर्यंत तिने सांगून संपवलं.

डोमेन म्हणजे नाव-पत्ता, तो दरवर्षी नूतन करायचा. होस्टिंग म्हणजे साइटचं सामान ठेवायची भाड्याची जागा. काम सुरू करताना आधी विचारायचं की साइटवर येणाऱ्या माणसाला करायचंय काय. मग साधा आराखडा काढायचा, कुठे काय बसेल त्याचा, रंगबिंग काही नाही. त्याला वायरफ्रेम म्हणतात. मग मजकूर, मग रूप, मग ते मोबाइलवर नीट बसतं का ते बघायचं, कारण गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइलच असतो. आणि बॅकएंड म्हणजे दुकानाची मागची खोली. गिऱ्हाइकाने सांगितलेलं तिथे पोचतं, नोंदलं जातं आणि दुकानदाराला कळवलं जातं. मालतीताईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं तेवढंच. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. गाळ्यातल्या कोणत्याही बाईला ते पाच मिनिटांत कळलं असतं. आंगचेकरने रंगीत प्रिंट काढून आणले ते या मुलीने केलेल्या पानांचे होते.

“मी सरांना किती वेळा विचारलं, ऑर्डरचा मेल कोणाला जाऊ दे? ताईंचा आयडी द्या ना,” ती म्हणाली. “तर म्हणे, माझ्याकडेच येऊ दे, मी बघतो. मग मी टेस्टिंगला एक खोटी ऑर्डर टाकली आणि फोन केला, सर, मेल आला का चेक करा. लगेच म्हणाले, आला, आला.”

“आला होता?”

“गेला तर होताच काका. त्यांनी उघडून बघितला का, ते मला काय माहीत?”

मी तिला विचारलं, एखाद्याला पासवर्ड पाठ आहे, टायपिंग उत्तम आहे, तरी मेल उघडत नाही, असं कशामुळे होईल? तिने चहा ढवळता ढवळता सांगितलं, “कॅप्स लॉक. मोठी अक्षरं चालू राहिली असणार. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात ना, कळतच नाही. आणि ते शिफ्ट दाबून सुटत नाही, परत तेच बटण दाबावं लागतं. पण कीबोर्डवर दिवा लागतो की. खाली बघितलं की दिसतं.”

मी तिथून तडक परळला मालतीताईंकडे गेलो. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. त्या मिरचीचे देठ खुडत होत्या, खुडत राहिल्या. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “माका सांगान काय उपयोग, भाऊ? माका ठाऊकच होता. त्या बायांका सांगा. सरांचा लिहिलात ना पानभर? तसाच ह्याही लिहा.”

म्हणून हे लिहिलं. गटातल्या सगळ्यांनी वाचावं: मालतीताईंना पासवर्ड कधीच दिला नव्हता. ऑर्डरी आंगचेकरकडे जात होत्या. हे त्याला माहीत होतं, आणि मलाही. मला कसं, ते राहिलं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या क्लासवर गेलो होतो. मी दिलेलं उत्तर बरोबर होतं असं त्याच्या तोंडून निघेल अशी आशा होती. क्लास सुटला होता. सगळ्या यंत्रांवर कव्हरं चढली होती, एक सोडून. त्याच्यासमोर आंगचेकर बसला होता. कित्येक वर्षांत मी त्याला स्वतः मशीनवर बसलेलं पाहिलं नव्हतं, तो कायम दुसऱ्याच्या मागे उभा असायचा. मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. खट्-खट्. मशीनला विचारून झालं. मग दहाही बोटं अशी धावली की बघत राहावं. स्क्रीनवर लाल ओळ उमटली. पुन्हा बोटं, पुन्हा लाल ओळ.

“सर्व्हर स्लो आहे,” मला बघून तो म्हणाला.

आम्ही मुद्रितशोधक, आमची नजर कोपऱ्यात जाते. मी म्हणालो, “अरे, तिथे दिवा लागलाय.”

“कुठे?”

“खाली. कीबोर्डवर.”

त्याने खाली बघितलं नाही. “माहीत आहे मला. तो असतोच.” मग जरा थांबून म्हणाला, “तू नीघ, सदा. मला काम आहे.”

मी बाहेर येऊन चपला घातल्या. दाराला काच होती. जिन्याकडे वळताना मी आत बघितलं.

आंगचेकर स्वतःच्या बोटांकडे बघत होता. मान खाली घालून, चष्मा कपाळावर सरकवून, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा. त्याने एक कळ दाबली. दिवा विझला. मग एका बोटाने, शोधून शोधून, एकेक अक्षर टाइप केलं. मेल उघडला. नावांमागून नावं, वरपासून खालपर्यंत. तो स्क्रीनवर बोट ठेवून वाचत गेला, खाली सरकवत गेला, आणि ती संपेनात. बऱ्याच वेळाने उठला. खुंटीवरचं कव्हर काढलं, झटकलं, आणि मशीन बंद न करताच त्यावर घातलं. कडा नीट खाली ओढल्या. रेक्झिनच्या खालून टेबलावर उजेड पडला होता.